मस्टँग विकायचीय, आधी रंग मारून घेऊ का?

प्रश्न : आम्ही एडिसनला, न्यू जर्सीत. ह्यांनी शेजारच्या आजोबांकडून घेतलेली १९६७ ची फोर्ड मस्टँग गॅरेजमध्ये आहे, दोन दारांची हार्डटॉप (पत्र्याच्या पक्क्या टपाची), गाडीवर कोरलेला फॅक्टरीचा नंबर (व्हीआयएन) ७टी०१सी असा सुरू होतो. हे फक्त उन्हाळ्यात काढायचे, एरवी कव्हर घालून. आता हे नाहीत. हूडवर (बॉनेटवर) रंग जरा उडालाय, मुलगा म्हणतो नवीन रंग मार म्हणजे जास्त पैसे येतील. एक डीलर बघून गेला, म्हणे जुनं लोखंड आहे, आजच कॅश देतो. काय करू?

उत्तर : ताई, डीलरला नाही सांगा आणि रंगाला हातसुद्धा लावू नका. फॅक्टरीतला रंग एकदा खरवडला की गेला तो गेलाच, आणि एवढी जुनी गाडी नवी कोरी चकचकीत दिसली की घेणारा आधी लोहचुंबक काढतो, खाली गंज पुट्टीने बुजवलाय का बघायला.

आता तुमचा नंबर. ७ म्हणजे १९६७, ०१ म्हणजे हार्डटॉप, सी म्हणजे २८९ क्युबिक इंचाचं, आठ सिलिंडरचं व्ही-८ इंजिन (सहा सिलिंडरवालीपेक्षा हिला गिऱ्हाईक जास्त). आणि टी म्हणजे मटचनचा कारखाना, जो नावालाच मटचन, होता तुमच्या एडिसनमध्येच, २००४ ला बंद झाला. म्हणजे गाडी तुमच्याच गावची हो, जाहिरातीत हे जरूर टाका! मार्टी रिपोर्ट (फोर्डच्या फॅक्टरीच्या नोंदींवरून काढलेला गाडीचा दाखला) मागवा, १९६७ पासूनच्या फोर्ड गाड्यांचा मिळतो, गाडी कधी बनली, काय काय ऑप्शन होते सगळं त्यात येतं. फक्त फास्टबॅकचे (मागे उतरत जाणाऱ्या टपाच्या मस्टँगचे) भाव बघून हुरळून जाऊ नका, हार्डटॉप त्या वर्षी सगळ्यात जास्त निघाल्या त्यामुळे भाव कमीच असतो.

मस्टँगचं खरं दुखणं विंडशील्डखालच्या जाळीत, तिथून पाणी झिरपून आतला पत्रा सडतो. जाळीवर तांब्याभर पाणी ओता आणि आतलं कार्पेट चाचपून बघा, ओलं झालं तर सरळ लिहून टाका, लपवलंत तर घेणारा ऐनवेळी भाव पाडणार. खालून, डिकीतून, उडालेल्या रंगाचेसुद्धा भरपूर फोटो काढा आणि तुमच्या ह्यांनी ठेवलेली सर्व्हिसची बिलं शोधा, बायका आधी तीच रद्दीत टाकतात (आमच्या घरचा अनुभव). मग हेमिंग्ज ह्या जुन्या गाड्यांच्या साइटवर जाहिरात द्या नाहीतर ब्रिंग अ ट्रेलर ह्या साइटवर लिलावाला लावा.

टायटल (गाडीच्या मालकीचा कागद) तुमच्या ह्यांच्या नावावर असेल तर आधी मोटर व्हेइकल कमिशनमधून तुमच्या नावावर करून घ्या. चेक घरी घेऊ नका, बँकेत भेटा, पैसे खात्यात आल्यावरच टायटलवर सही. आणि नंबरप्लेट काढून ठेवा, न्यू जर्सीत ती गाडीबरोबर जात नाही.