घरच्या संकटात सुटलेलं शिक्षण चाळिशीत पुन्हा सुरू केलंय, पण वाचलेलं डोक्यात राहत नाही. वय झालं का?

वयापेक्षा सवय मोडलीय. हर्मन एबिंगहाऊस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरचे प्रयोग मांडले: पाठ केलेल्यातलं बरंचसं पहिल्या दिवसातच विसरलं जातं. तोही तेव्हा विशीतला नव्हता! म्हणून तेच पान चारचारदा वाचू नका. पुस्तक मिटा, आठवेल ते लिहा, मग चुका बघा. दुसऱ्या दिवशी पुन्हा, आठवड्याने पुन्हा. आठवताना होणारी ओढाताणच उपयोगी पडते. नुसत्या वाचण्याने 'येतंय' असं फक्त वाटतं.

दुःखात झोप उडते आणि त्याने स्मरणही ढासळतं, तेव्हा जागरणं टाळा. सुरुवातीला एकच विषय घ्या. जुने उत्तीर्ण विषय धरले जातात का, तेही संस्थेला विचारा. वर्गातली पोरं 'काका' म्हणतील, म्हणू द्या.