आजोबांची जुनी लाकडी खेळण्यातली बोट रिमोटवर चालवता येईल का? पुण्यात सामान कुठे मिळेल?

येईल की. पण खरेदीला पळण्याआधी बोट रात्रभर टबात तरंगत ठेवा. जुनं लाकूड सांध्यांतून पाणी पितं. माझी सकाळी तळाशी सापडली. गळत असेल तर आठवडाभर वाळवा आणि आतून पातळ इपॉक्सीचे (दोन भाग मिसळून लावायचं, कडक होणारं रेझिन) दोन हात द्या.

खरी मेख शाफ्टची, म्हणजे मोटरपासून मागच्या पंख्यापर्यंत जाणाऱ्या दांड्याची आहे. मागून तिरकं भोक पाडून शाफ्टसाठी पितळी नळी बसवा, तिच्यात ग्रीस ठासा आणि नळीचं आतलं तोंड पाण्याच्या पातळीच्या वर राहील असं बघा. मोटर शाफ्टच्या रेषेत हवी, केसभर फरक पडला तरी बोट मिक्सरसारखी घरघरते.

बाकी किरकोळ: छोटी ब्रशवाली मोटर, सुकाणू वळवायला एक सर्व्हो (सांगाल तेवढीच फिरणारी छोटी मोटर), २.४ गिगाहर्ट्झचा रिमोट-रिसीव्हर. ईएससी, म्हणजे मोटरचा वेग सांभाळणारं सर्किट, मात्र रिव्हर्सवालाच मागा. विमानाचा घेतलात तर बोट मागे येणार नाही, आणि मग पँट वर करून तुम्हीच पाण्यात. बॅटरी तळाशी, मध्यावर. रिसीव्हरची अँटेना मात्र उंच, कारण पाण्याखाली हा सिग्नल जवळपास मरतो.

इलेक्ट्रॉनिक सामानासाठी बुधवार पेठेत तपकीर गल्ली पालथी घाला, नळी आणि इपॉक्सीसाठी बोहरी आळी. दुपारी एक ते चार जाऊ नका, का ते पुणेकराला सांगायला नको.