सिम इथलं, नेट तिकडचं

प्रश्न : मुलगा म्युनिकला असतो. मे महिन्यात आम्ही दोघं महिनाभर त्याच्याकडे जातोय, मध्ये चार दिवस स्वित्झर्लंड. इथलंच सिम चालवावं की तिकडचं घ्यावं? नंबर बदलला तर बँकेचा ओटीपी आणि व्हॉट्सअ‍ॅपचं काय?
– एक वाचक, इंदिरानगर, नाशिक

उत्तर : ताई, इथलं सिम काढून ठेवू नका. पहिल्या खेपेला मी तेच केलं. सिम कॉलेज रोडच्या घरी कपाटात आणि मी मुलीकडे बसून घरपट्टी भरतोय. ओटीपी येणार कुठे? शेवटी शेजाऱ्यांना विनवण्या केल्या.

इथलं सिम फोनमध्येच राहू द्या, फक्त नेट तिकडचं घ्या. त्यासाठी ई-सिम बरं, म्हणजे कार्ड न घालता फोनमध्ये नेटवरून उतरवायचं सिम. तुमच्या फोनला ते चालतं का, हे घरीच बघा : स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा. आकड्यांत ‘ईआयडी’ दिसला, की बहुधा चालतं. निघण्याआधी घरच्या वायफायवर ते फोनमध्ये टाकून घ्या. ई-सिम टाकायला कंपनी क्यूआर कोड पाठवते; तो ज्या फोनवर येतो त्याच फोनने स्कॅन करणं अवघड. यजमानांच्या फोनवर मागवा.

आता सगळ्यात जास्त चुकतं ते. सेटिंगमध्ये ‘डेटा रोमिंग’ (म्हणजे परक्या नेटवर्कवरून नेट घेणं) प्रत्येक सिमला वेगळं असतं. इथल्या सिमचं बंद, ई-सिमचं चालू. उलटं झालं तर नेट येत नाही, किंवा येतं आणि बिल बघून घाम फुटतो. पण ओटीपीचे मेसेज यावेत म्हणून इथल्या कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग आधीच सुरू करून घ्या, आणि रिचार्जची मुदत परतीच्या तारखेपुढची ठेवा. इथल्या नंबरवर आलेला फोन मात्र उचलू नका, तिकडे इनकमिंगलाही पैसे पडतात. व्हॉट्सअ‍ॅप जुन्याच नंबरवर चालू राहतं; ‘नंबर बदला’ असं विचारलं तर नाही म्हणा.

आणि स्वित्झर्लंड! मी ‘युरोप’चं म्हणून ई-सिम घेतलं होतं. म्युनिक-झुरिक गाडीत जर्मनीत नेट, पुढे ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झला नेट. सेंट मार्गरेथेनला स्विस हद्द लागली आणि ठप्प. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नाही. १५ जून २०१७ पासून संघातल्या देशांच्या सिमला एकमेकांकडे जादा रोमिंग शुल्क नाही, पण तो नियम स्वित्झर्लंडला लागू होत नाही. म्हणजे मुलाने जर्मन सिम घेऊन दिलं तरी तिथे पैसे कापले जाऊ शकतात. प्लॅनमधली देशांची यादी वाचूनच पैसे भरा.

झुरिकला आम्ही हॉटेलपर्यंत पोचलो ते हिने वहीत लिहून घेतलेल्या पत्त्यावर. त्यानंतर मी म्युनिक, झुरिकचे नकाशे घरूनच ऑफलाइन उतरवून नेतो. वही अजूनही तिच्याच पर्समध्ये असते.