रोजात जमतं, मग एरवी का नाही?

"नमाजी घरातलं पोरगं अन् बिडी पितं, मॅडम! मजहबमध्ये मना आहे म्हणून किती सांगितलं, ऐकतच नाही." कारंजा-मंगरूळपीर भागातल्या कितीतरी मुस्लिम आया समुपदेशक म्हणून माझ्याकडे हीच काळजी घेऊन येतात.

असाच अकरावीतला एक मुलगा. (ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.) अम्मीला बाहेर बसवलं की तो वाद घालायचा, "मकरूह आहे मॅडम, हराम थोडीच!" (मकरूह म्हणजे नापसंत, हराम म्हणजे पूर्ण मना.) आज अनेक उलेमा, म्हणजे धर्मपंडित, धूम्रपानाला हरामच म्हणतात, हे त्यालाही ठाऊक होतं. तो मसला मी मौलानांवर सोडला.

"रोजे ठेवतोस?"

"सगळे."

"दिवसा बिडी?"

"तौबा! रोजा तुटते ना."

"मग तेरा-तेरा तास जमतं कसं?"

तो विचारात पडला. "रोजात ठेल्यावर पोट्टे आग्रहच नाही करत. 'रोजा आहे' म्हटलं की विषय संपला. हिंदू दोस्त तर माझ्यासमोर पेटवतही नाहीत."

इथे मला गाठ सापडली. सुटकेची वाट मुलाच्या स्वतःच्या जगण्यातच असते, समुपदेशकाने ती फक्त हुडकायची, ही माझी जुनी श्रद्धा आहे. या मुलाकडे संयम भरपूर होता. दोस्तांना इज्जतीने 'नाही' म्हणायला कारण तेवढं नव्हतं. रमजानमध्ये ते आयतं मिळायचं. बाकीच्या अकरा महिन्यांसाठी आम्ही ते शोधत बसलो. माझी सगळी वाक्यं त्याने नाकारली आणि शेवटी स्वतःच म्हणाला, "कबड्डीत दम पुरत नाही, म्हणून बिडी सोडली." हे वाक्य ठेल्यावर चाललं. पुढच्या रमजानमध्ये इफ्तारनंतरची बिडीही सुटली. खजूर खाऊन तो थेट मगरिबच्या नमाजला जायचा.

म्हणून आयांना सांगते, शर्टाचा वास घेणं, दोजखची (नरकाची) भीती घालणं थांबवा. त्याने मुलगा लपवायला शिकतो. कधी ओढतो, कोणासोबत ओढतो, हे प्रेमाने विचारा. सोडल्यावर पहिले दोन-तीन दिवस चिडचिड, डोकेदुखी जास्त असते. तेव्हा बोल लावू नका. तलफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ त्याच्यासोबत काढा. बिडी सोडून खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) धरला तर तंबाखू सुटलेली नाही, हे लक्षात ठेवा. आणि 18 वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं 2003 च्या कायद्याने गुन्हा आहे, हे ठेलेवाल्याला अब्बूंनी शांतपणे, पण स्पष्ट सांगावं. मुलगा समुपदेशकापर्यंत यायला तयार नसेल, तर 1800-11-2356 या तंबाखू सोडण्यासाठीच्या मोफत राष्ट्रीय क्रमांकावर त्याला स्वतःला बोलू द्या, तुम्ही खोलीबाहेर थांबा.