वाचकांचे प्रश्न : अँबॅसिडर ठेवावी की पद्मिनी?

प्रश्न : आमच्या वाड्यात वडिलांची १९८४ सालची पेट्रोलवरची अँबॅसिडर आणि काकांची १९८९ सालची प्रीमियर पद्मिनी उभी आहे. दोन्ही सांभाळणे आता परवडत नाही. महिन्यातून दोन-तीनदा शेतावर आणि अधूनमधून परळीला जाण्यासाठी कोणती ठेवावी?
– एक वाचक, अंबाजोगाई

उत्तर : आपल्या भागात या दोन गाड्यांची तुलना वेगावरून करण्यात फारसा अर्थ नाही. वैशाखात पारा चाळिशीच्या वर गेलेला असताना चढावर इंजिन किती तापते आणि तापल्यावर त्याचे काय होते, हा खरा प्रश्न आहे.

मॉरिस ऑक्सफर्डवर बेतलेल्या तुमच्या अँबॅसिडरचे इंजिन १४८९ सीसीचे आहे, तर फियाट ११०० वरून आलेल्या पद्मिनीचे १०८९ सीसीचे. पद्मिनी वजनाने बरीच हलकी असल्यामुळे गावातल्या अरुंद रस्त्यांवर ती चपळ वाटते आणि पेट्रोलही कमी खाते. रोज बाजारापुरतीच गाडी लागत असती, तर मी निःसंकोच तीच सुचवली असती. परंतु चार माणसे आणि मागे दोन पोती घेऊन चढ चढायचा असेल, तर अँबॅसिडरची ओढ अधिक कामाची ठरते.

याहून महत्त्वाचा फरक हेडचा, म्हणजे इंजिनाच्या वरच्या झाकणाचा आहे. अँबॅसिडरचे हेड बिडाचे, तर पद्मिनीचे ॲल्युमिनियमचे आहे. पाणी संपून गाडी एकदा जरी जोरात तापली, तरी ॲल्युमिनियमचे हेड वाकण्याचा, त्याखालची गॅस्केट (सांध्यातली पातळ पट्टी) जाण्याचा आणि ऑइलमध्ये पाणी उतरण्याचा धोका मोठा असतो. मग हेड उतरवून फेसिंग करून, म्हणजे त्याचा तळ पुन्हा सपाट करून घेण्यावाचून इलाज राहत नाही. बिडाचे हेड असा ताप अधिक सोसते. मात्र दोन्ही गाड्यांच्या रेडिएटरमध्ये बोअरचे जड पाणी कधीही घालू नये, कारण त्यातील क्षार नळ्यांत साचून पाण्याचा मार्ग हळूहळू बंद करतात. डिस्टिल्ड पाण्यात मिसळलेले कूलंटच वापरावे.

इथेनॉलमिश्रित पेट्रोलाने जुने रबरी पाइप आणि इंजिनाला पेट्रोल पुरवणाऱ्या पंपाचा पडदा खराब होतो, म्हणून ते इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे बसवून घ्यावेत. भर उन्हात गाडी अचानक बंद पडली, तर बहुधा पेट्रोलची वाफ होऊन ती पाइपात अडकलेली असते. पंपावर ओले फडके ठेवून पाच-दहा मिनिटे थांबावे. ग्रीसिंगची टाळाटाळ दोघींनाही चालत नाही, आणि काळ्या मातीच्या रस्त्यावर तर मुळीच नाही. बराच काळ उभ्या गाडीचे ब्रेकचे रबर बदलल्याखेरीज ती रस्त्यावर काढू नये.

पद्मिनीचे उत्पादन २००० च्या सुमारास थांबले, अँबॅसिडर मात्र २०१४ पर्यंत बनत होती. साहजिकच तिचे काही सुटे भाग मिळवणे सोपे जाते. तुमच्या वापरासाठी माझे मत अँबॅसिडरच्या बाजूने आहे, पण एका अटीवर. या दोन्ही गाड्यांना स्वतंत्र चॅसिस (खालचा सांगाडा) नाही, पत्र्याची बॉडीच सगळा भार पेलते. म्हणून आधी चटया उचलून तळाचा पत्रा आणि दाराखालच्या पट्ट्या पेचकसाने टोचून पाहाव्यात. पेचकस आत शिरला, तर इंजिन कितीही चांगले असले तरी ती गाडी ठेवू नये.