दोन फुटी टाकीत रोपं लावायची आहेत. तळाला कुंडीतली माती चालेल का, आणि मासे कधी सोडायचे?

चालेल, पण शेणखत, गांडूळखत किंवा रासायनिक खत न घातलेलीच माती घ्या, आणि मासे पाण्याच्या चाचणीत अमोनिया व नायट्राइट (दोन्ही माशांना विषारी) शून्य आल्यावरच सोडा. 4 ते 6 आठवडे धरून चाला. खत पाण्यात कुजलं की अमोनिया सुटतो, मासे मरतात ते त्यानेच. चाळलेल्या मातीचा 2.5 सेंमी थर, वर 2-3 मिमी खडीचा तेवढाच. माती याहून जाड झाली तर खाली प्राणवायू पोचत नाही, सडक्या अंड्यांचा वास येतो. पाणी भरताना खडीवर बशी ठेवून तिच्यावर बारीक धार सोडा, नाहीतर सगळा चिखल वर. व्हॅलिस्नेरिया, हायग्रोफिला या पाणवनस्पती पहिल्याच दिवशी दाटीने लावा. चार काड्या खोचल्यात तर शेवाळच माजेल. नुसती काळी चिकण माती मात्र नको, ती फार घट्ट बसते.