मूल होत नाही, चर्चमध्ये म्हणतात विश्वास कमी पडतोय. तुम्ही अशा वेळी कसं सावरलंत?

ताई, तुमचा प्रश्न दोन दिवस उघडून ठेवला होता, लिहू की नको करत. लग्नाला सहा वर्षं, दोन आययूआय (शुक्राणू थेट गर्भाशयात सोडतात ते) फेल, मंडळीतल्या बायका म्हणतात विश्वास कमी पडतोय, आणि आता प्रार्थनेला बसलं की शब्दच फुटत नाहीत असं तुम्ही लिहिलंय. आणि अगदी शेवटी जाताजाता विचारलंय की मन रमवायला बेकिंग शिकायचं म्हणते, ओटीजी (ती छोटी विजेची भट्टी) केवढा घेऊ. ते शेवटचं वाचून मी आधी हसले मग रडले, कारण मीही ह्याच क्रमाने गेलेय.

मी ऐरोलीला राहते, माहेर नगरचं (आता अहिल्यानगर, पण तोंडात नगरच बसलंय), पणजोबांपासून ख्रिस्ती घर. वय ३९, लग्न २०१३ चं. मूल नाही. हे आधीच सांगून टाकते कारण असल्या उत्तरांच्या शेवटी लोक जुळ्यांचा फोटो टाकतात आणि वाचणारी अजूनच खचते. तीन आययूआय, दोन आयव्हीएफ (टेस्ट ट्यूब बेबी म्हणतात ते), मग थांबलो.

आधी ते विश्वासाचं. लूकचं शुभवर्तमान काढा, पहिला अध्याय. जखऱ्या आणि अलीशिबा. सहाव्या वचनात लिहिलंय की दोघंही देवाच्या दृष्टीने नीतिमान होते, सगळ्या आज्ञा निर्दोषपणे पाळायचे, आणि लगेच सातव्यात की त्यांना मूल नव्हतं. पाठोपाठ, मध्ये काही नाही. कोणी म्हणेल पुढे देवदूत आला आणि झाला की मुलगा. हो झाला, पण नीतिमान असल्याचं सर्टिफिकेट त्यांना बारशाच्या दिवशी नाही मिळालं, देवदूत यायच्या आधीपासून होतं. हे मला कुठल्या उपदेशात नाही सापडलं, रात्री अडीचला झोप येईना म्हणून वाचत बसले होते तेव्हा दिसलं. दुसऱ्या दिवशी ट्रान्स हार्बर लोकलने ठाण्याहून घरी येताना तेच डोक्यात, एक स्टेशन पुढे गेले असते.

आणि हन्ना! बायबलमधलीच, मूल होत नाही म्हणून रडणारी. हन्ना तर मला इतक्या जणींनी ऐकवलीय की विचारू नका, हन्नासारखी प्रार्थना कर, हन्नासारखं रड. अगं पण गोष्ट नीट वाचा ना. ती देवासमोर रडतेय, ओठ हलतायत आणि आवाज नाही, आणि दाराशी बसलेल्या एली याजकाला काय वाटलं, तर बाई प्यायलीय! चक्क याजकाचा अंदाज चुकला तिथे, मग आपल्या महिला मंडळातल्या मावशीचा चुकला तर त्यात काय एवढं. माझ्या नवऱ्याला त्या गोष्टीतला हन्नाचा नवरा एलकाना फार आवडतो, तो बायकोला म्हणतो ना, मी तुला दहा मुलांपेक्षा बरा नाही का. आमचा हा म्हणायचा, दहाचं जाऊ दे, दोन-अडीच पोरांएवढा तरी मी आहे का बघ.

तुम्हाला शब्द फुटत नाहीत तर नका फोडू. स्तोत्र ८८ वाचा एकदा, ते शेवटपर्यंत अंधारातच आहे, शेवटी स्तुती वगैरे काही नाही, तरी बायबलमध्ये ठेवलंय ना त्याला.

आता एक डॉक्टरी गोष्ट, पटकन सांगते. नवऱ्याची सीमेन टेस्ट (वीर्याची तपासणी) झालीय ना? आमच्याकडे पहिली दोन वर्षं फक्त माझ्याच तपासण्या चालल्या, थायरॉइड, एएमएच (बीजं किती उरलीत ती रक्ततपासणी), ट्यूब मोकळ्या आहेत का बघायची एचएसजी (ती दुखते, सोबत कोणाला तरी न्या), फॉलिक्युलर स्टडीसाठी, म्हणजे बीज वाढतंय का बघायच्या सोनोग्राफीसाठी, सकाळी सकाळी लाइन, आणि सगळ्यात साधी स्वस्त तपासणी कोणी सांगितलीच नाही. केली तेव्हा कळलं शुक्राणूंचा काउंट कमी आहे. दोष कोणाचा ते शोधायला नाही सांगत, पण दोन वर्षं गेली ती गेली. आता तर जागतिक आरोग्य संघटनाच म्हणते की जगात साधारण दर सहा माणसांमागे एकाला कधी ना कधी हा त्रास होतो, तेव्हा मंडळीत रविवारी आजूबाजूला बघा, तुम्ही एकट्या नसणार, फक्त बोलत कोणी नाही.

केकचा किस्सा सांगायचाच आहे. दुसरी आययूआय. त्याच्या आधी बीज सुटावं म्हणून एचसीजी हार्मोनचं ट्रिगर इंजेक्शन देतात ते तुम्हाला माहितीच असेल, ते मी फ्रिजच्या दारातल्या लोण्याच्या खणात ठेवलं होतं, अमूलच्या वडीशेजारी. ठरल्या वेळी घेतलं, आययूआय झाली, चौदा दिवस थांबा म्हणाले. माझ्याच्याने थांबवेना. आठव्या दिवशी पहाटे घरीच किट लावलं आणि दोन रेघा! दुसरी फिकी, पण होती. मी बाथरूममध्येच गुडघ्यावर बसले, ओल्या फरशीवर, आणि आभाराची प्रार्थना केली, आयुष्यात केली नसेल अशी. नवऱ्याला उठवलं. मग दिवसभर काही सुधरेना म्हणून केक केला, संत्र्याचा, वर साल किसून, नाताळला करतो तसा, आणि अर्धा नाही पूर्ण किलोचा.

आणि मग तीन दिवसांनी रेघ अजून फिकी, नंतर नाहीच. ब्लड टेस्ट शून्याच्या जवळ. तेव्हा नर्सने सांगितलं की त्या इंजेक्शनमध्ये तेच हार्मोन असतं जे किट शोधतं, अंगातून पूर्ण जायला दहा-बारा दिवस लागू शकतात, म्हणून तर चौदा दिवस थांबायला सांगतात. हे आधी सांगायला काय जात होतं हो? मी देवाचे आभार मानले होते ते एका इंजेक्शनचे. तो केक फ्रिजमध्ये तसाच, कापायचीही हिंमत होईना, टाकायचीही. शेवटी नवऱ्याने खाली वॉचमनकाकांना दिला. ते दुसऱ्या दिवशी विचारतात, वहिनी कोणाचा वाढदिवस होता?

त्यानंतर मी वर्षभर केक केला नाही. केकला काहीतरी निमित्त लागतं, कोणीतरी यावं लागतं, काहीतरी घडावं लागतं. माझ्याकडे काही घडत नव्हतं. पण हातांना काम हवं होतं, मग पावावर आले. पावाला निमित्त लागत नाही, उद्या सकाळचा चहा एवढंच पुरतं. लहानपणी आम्हाला शाळेत पोरं चिडवायची, विहिरीत पाव टाकला आणि तुम्ही बाटलात म्हणून. आईने त्यावर उत्तर शिकवलं होतं, पाव चांगला होता का ते विचार म्हणावं. आईच मला हे सगळं शिकवलेली, नगरला नाताळच्या आधी ती मैदा, साखर, डालडा घेऊन बेकरीत जायची नानकटाई भाजून आणायला, ट्रेवर आमच्या नावाची चिठ्ठी लावून, आणि आम्ही भट्टीसमोर तासभर शेकत उभे.

तर पाव. अर्धा किलो मैदा, सात ग्रॅम इन्स्टंट यीस्ट, ३० ग्रॅम साखर, ९ ग्रॅम मीठ, कोमट दूध आणि पाणी मिळून ३२० मिली, शेवटी ४० ग्रॅम लोणी. बारा-पंधरा मिनिटं मळायचं, आधी हाताला इतकं चिकटतं की वाटतं फसलं, अजून मैदा टाकावासा वाटतो, टाकू नका. दहाव्या मिनिटाला एकदम सुटतं हातापासून. झाकून ठेवा, आपल्याकडे मे महिन्यात ४० मिनिटांत दुप्पट होतं, जानेवारीत दीड तास पण लागतो. बारा गोळे, ट्रेमध्ये जवळ जवळ, पुन्हा फुगू द्या, २०० डिग्रीला १५ ते १८ मिनिटं. (आता कोणी म्हणेल पीठ फुगतं तशी आशा फुगते वगैरे. मी नाही म्हणणार. पीठ यीस्टमुळे फुगतं.)

मळताना मी प्रार्थना करायला लागले ती ठरवून नाही. आयव्हीएफचे ते वाट बघायचे दिवस, गर्भ टिकावा म्हणून प्रोजेस्टेरॉन हार्मोनची तेलातली इंजेक्शनं, बसता येत नाही इतक्या गाठी, आणि त्या औषधानेच छाती दुखते, पोट फुगतं, म्हणजे प्रेग्नन्सीची सगळी लक्षणं, काही कळायला मार्ग नाही. सासूबाई म्हणायच्या आडवी पड, डॉक्टर म्हणालेले नेहमीची हलकी कामं करा, झोपून राहिल्याने फायदा होत नाही. देवाला मागायचं तर मागून झालेलं सगळं. मग पीठ मळताना प्रभूची प्रार्थना म्हणायचे, पाठ असलेली, लहानपणापासूनची, आणि आमची रोजची भाकर आज आम्हांला दे इथे आलं की थांबायचे. तेवढंच परत परत. पुढचं आठवतच नव्हतं असं नाही, पण आजचं मागायला जमत होतं, उद्याचं नाही. पुढच्या नाताळला मूल दे असं मागितलं की पोटात गोळा यायचा. आजचा दिवस दे म्हटलं की निदान पाव तरी भाजून व्हायचे संध्याकाळपर्यंत. माझी आशा एवढीशीच उरली, एका दिवसापुरती, आणि खरं सांगते, अजूनही तेवढीच आहे. मोठी करायला मी जात नाही.

मंडळीचं म्हणाल तर मदर्स डेला जाऊ नका. मेचा दुसरा रविवार, कॅलेंडरवर आधीच खूण करून ठेवा. आमच्याकडे सगळ्या आयांना उभं करून गुलाब देतात, एका वर्षी संडे स्कूलची मुलगी माझ्यापर्यंत आली, फूल पुढे केलं, आणि मागून तिच्या टीचरने हळूच तिचा हात मागे ओढला. टीचरचा हेतू चांगलाच होता हो, तिला वाटलं मला वाईट वाटेल. आता त्या रविवारी आम्ही दोघं सकाळी ठाण्याच्या तलावपाळीला जातो, मासुंदा तलावाला एक चक्कर मारतो, इडली खातो. पाळकांना सांगितलंय, त्यांना कळतं.

दत्तक घ्यायचा विचार कधी आला तर एक गोष्ट माहीत असू द्या, कारण आम्हालाच आमच्या लोकांनी चुकीचं सांगितलं होतं. जुना १९५६ चा दत्तक कायदा हिंदूंसाठी आहे, त्यामुळे पूर्वी ख्रिस्ती जोडप्यांना फक्त पालकत्व मिळायचं, पूर्ण आईबाप नाही. आता तसं नाही. बाल न्याय कायदा, २०१५ चा, तो सगळ्या धर्मांना चालतो, कारा (दत्तक प्रक्रियेची केंद्र सरकारी संस्था) च्या वेबसाइटवर नोंदणी, मूल कायद्याने पूर्ण तुमचं. दोन वर्षांखालचं बाळ हवं असेल तर नवराबायकोच्या वयांची बेरीज ८५ च्या पुढे नको, म्हणून निर्णय लांबवू नका, रांग खूप लांब आहे. आम्ही गेल्या वर्षी नाव घातलंय. होम स्टडीला, म्हणजे आमचं घर-परिस्थिती बघायला, मॅडम आल्या तेव्हा घरात पावाचा वास होता, त्यांना डब्यात चार दिले, त्या म्हणाल्या हे रिपोर्टमध्ये लिहिता येत नाही हो.

आणि फारच अंधारून आलं, जगावंसं वाटेना झालं, तर प्रार्थनेची वाट बघू नका, १४४१६ ला फोन लावा, सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइन टेलिमानस आहे, फुकट, मराठीत बोलतात. मी लावलाय एकदा.

आता ओटीजी. दोघांच्या घराला २५ ते ३० लिटरचा पुष्कळ. सोळाचा स्वस्त मिळतो पण त्यात वरचा रॉड इतका जवळ येतो की पाव वरून काळे आणि आतून कच्चे. आतला थर्मामीटर वेगळा घ्या, ठाण्यात जांभळी नाक्याच्या बाजूला बेकिंगच्या सामानात बघा, कारण नॉबवर २०० लिहिलं म्हणून आत २०० असतंच असं नाही, माझा वीस डिग्री कमी तापतो. आणि किचनच्या साध्या पॉइंटवर लावू नका, मिक्सरवाल्या सहा अँपिअरच्या नाही, गीझरसारखा सोळा अँपिअरचा लागतो. पहिले पाव बिघडतीलच. बिघडले की मधोमध फाडून फोटो टाका इथेच, बघते यीस्ट मेलं होतं की घाई केलीत.